घर, जिना आणि लोकल: फोटोचे विषय रोजच्या आयुष्यात कसे सापडतात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. डोंबिवलीत वन बीएचके, नोकरीसाठी रोज लोकलने मुंबई, घरात चार वर्षांची मुलगी, बाहेरगावी जाणं वर्षातून एखाद्या वेळी. हौसेने मिररलेस कॅमेरा (लेन्स बदलता येणारा, आत आरसा नसलेला) आणि त्यासोबत १८-५५चा किट लेन्स, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटरचा झूम, घेतलात, सुरुवातीला भरपूर फोटो काढलेत आणि आता कॅमेरा कपाटात पडून आहे. तुम्ही लिहिलंय, ‘खिडकी, चहाचा कप, कुंडीतली पानं, मांजर, सगळं काढून झालं. आता नवीन विषय सुचवा.’ शिवाय रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढायला संकोच वाटतो आणि मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी मोठ्या टिपणारा) घेतला तर काही फरक पडेल का, असंही विचारलंय.

नवीन विषयांची यादी द्यायला मला पाच मिनिटं पुरतील, पण पंधरा दिवसांत ती संपेल आणि तुम्ही पुन्हा इथेच येऊन उभे राहाल. तुमच्या वाक्यातले ‘काढून झालं’ हे दोन शब्द मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तुम्ही वस्तूंची नावं लिहिताय आणि एकदा फोटो काढला की नावापुढे खूण करताय. त्या हिशेबाने कोणाच्याही घरातले विषय महिन्याभरात संपतील, अगदी राजवाड्यात राहणाऱ्याचेही. डिसेंबरात सकाळी आठ वाजता खिडकीत ठेवलेला कप आणि मे महिन्यात भर दुपारी ट्यूबलाइटखाली ठेवलेला तोच कप, यांच्या फोटोंत सारखं असं फारसं काही नसतं. कप हे निमित्त. त्याच्यावर, त्याच्या आजूबाजूला त्या वेळी काय घडतंय, तो खरा विषय. उन्हाची तिरीप कुठून आली, कोणी तो अर्धवट टाकून उठून गेलं, बशीत चहा सांडला की नाही, या गोष्टी एकदा बघायला लागलात की विषय संपत नाहीत, उलट वेळ अपुरा पडतो.

मी ठाण्यात राहते. खाद्यपदार्थ आणि घरगुती वस्तूंचे फोटो काढणं हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. माझा बराचसा दिवस एका टेबलासमोर जातो आणि त्या टेबलावर लोणच्याची बरणी, कढई किंवा पितळी तांब्या असतो. म्हणजे तुम्ही ज्यांना कंटाळलात, त्याच वस्तू. म्हणून पुढचं बरंचसं त्या अनुभवातून सांगते आहे. पत्रकारिता किंवा वन्यजीव छायाचित्रण करणारा माणूस कदाचित वेगळं सांगेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. तुमच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत, समोर इमारत किती जवळ आहे, मजला कितवा, घरच्यांना कॅमेरा आवडतो की त्याची अडचण होते, आणि मुळात तुम्हाला फोटो कशासाठी काढायचेत. स्पर्धेत पाठवायला, भिंतीवर लावायला की मुलगी मोठी झाल्यावर तिला दाखवायला? शेवटचं कारण असेल तर अर्धं काम सोपं होतं, कारण मग कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता काढून टाकायचा हे ठरवताना डोळ्यांसमोर एक माणूस असतो.

सुरुवात मात्र सगळ्यांची एकच, घरातला प्रकाश ओळखणं. डोंबिवली साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. इथे जून आणि डिसेंबर यांमध्ये सूर्योदयाची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश सरकते. जूनमध्ये सूर्य ईशान्येकडून उगवतो, डिसेंबरात आग्नेयेकडून. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो भर दुपारी थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. डिसेंबरात मात्र दुपारीसुद्धा तो दक्षिणेला साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत चांगलंच आत शिरतं आणि पलंगावर, भिंतीवर, कपाटाच्या दारावर ग्रिलची सावली पडते. त्याच खिडकीतून मे महिन्यात ऊन आत येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की तुमच्या घरातला प्रकाश दर दोन-तीन आठवड्यांनी जागा बदलतो, आणि जी भिंत ऑक्टोबरात निरस वाटली तिच्यावर जानेवारीत सकाळी वीस मिनिटं ऊन येत असू शकतं.

एका रविवारी कॅमेरा न घेता हे नुसतं बघा. कुठल्या खोलीत किती वाजता ऊन येतं, कशावर पडतं, किती वेळ टिकतं, ते फ्रिजला चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. समोरच्या इमारतीच्या काचेवरून परावर्तित होऊन येणारं ऊनसुद्धा लिहा. दाट वस्तीच्या शहरांत ते फार सुंदर असतं आणि भलत्याच कोपऱ्यात, भलत्याच वेळी येतं. मी शिकायला येणाऱ्यांकडून पहिल्यांदा हेच करून घेते. जे कंटाळून अर्धवट सोडतात, ते पुढेही विषय मागत राहतात.

आता स्वयंपाकघरात या, कारण घरात सगळ्यात जास्त घडामोडी तिथे होतात. आधी ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा प्रकाश आणि ट्यूबचा प्रकाश एकत्र आले की रंग गढूळ होतात, दोन दिशांनी दोन सावल्या पडतात आणि पदार्थ आजारी दिसतो. रात्री ट्यूब लावल्याशिवाय पर्याय नसेल तर शटर, म्हणजे कॅमेरा जेवढा वेळ प्रकाश आत घेतो तो, १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याच्याशी जुळलं नाही तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात.

खिडकीपासून वस्तू जितकी लांब, तितका प्रकाश झपाट्याने कमी होतो. हे छोट्या घराच्या फायद्याचंच आहे. वस्तू खिडकीच्या अगदी जवळ ठेवा, मागे खोलीचा अंधारा भाग येऊ द्या आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा ते, वस्तूच्या उजळ बाजूसाठी लावा. मागचा सगळा पसारा काळोखात जातो. कांद्याचं साल खिडकीकडे धरून पाहा, त्याच्या शिरा न् शिरा दिसतात. कुकरची शिट्टी होते तेव्हाची वाफ समोरून प्रकाश असेल तर दिसतच नाही. प्रकाश तिच्या मागून किंवा मागच्या बाजूने तिरका यायला हवा आणि तिच्या पाठीमागे काहीतरी गडद हवं. शटर १/२५०च्या आसपास ठेवलं तर वाफेचे पदर वेगळे दिसतात, १/१५ ठेवलं तर ती धुक्यासारखी पसरते. पोळ्या लाटताना उडणारं पीठ, धुतलेल्या कोथिंबिरीची झटकलेली जुडी, चाळणीतून पडणारं तांदळाचं पीठ, हे सगळं त्याच नियमाने चालतं.

स्टीलच्या भांड्यांबद्दल जरा जास्त बोलते, कारण तिथे बहुतेक जण हरतात आणि खरं तर तिथेच सगळ्यात जास्त मजा आहे. चकचकीत स्टीलचा स्वतःचा असा रंग फारसा नसतोच. त्याच्यात जे दिसतं तेच फोटोत येतं. डब्याचा फोटो वाईट आला असेल तर बहुधा डब्यातली खोली वाईट आलेली असते: उघडं कपाट, लोंबकळणारी पिशवी, कॅमेरा धरलेले तुम्ही. आम्ही स्टुडिओत काय करतो, तर भांड्याला काय दिसावं ते ठरवतो. एका बाजूला पांढरी चादर टांगायची, म्हणजे तेवढा भाग दुधाळ आणि शांत होतो. दुसऱ्या बाजूला काळी कार्डशीट उभी करायची, म्हणजे कडेला एक ठसठशीत काळी रेघ येते आणि भांड्याचा आकार उठून दिसतो. घरी दोरीवरची चादर आणि मुलीच्या शाळेसाठी आणलेला काळा कागद एवढ्यावर हे होतं. मग याच्या उलट करून पाहा. चादर काढून टाका आणि पळी, तांब्या, वाटी यांच्या गोलाईत अख्खं स्वयंपाकघर वाकडंतिकडं दिसू द्या. खिडकी, तिच्यासमोर पोळ्या करणाऱ्या तुमच्या पत्नी आणि त्यांच्याशेजारी उभी मुलगी, हे सगळं एका तांब्याच्या पोटावर मावतं. घरच्या माणसांचा असा फोटो मला अनेक छापील हसऱ्या फोटोंपेक्षा जवळचा वाटतो.

हे नुसते कसरतीचे प्रकार आहेत, असं वाटत असेल तर दोन माणसांबद्दल सांगते. आंद्रे केर्तेस या हंगेरीत जन्मलेल्या छायाचित्रकाराने पॅरिसमध्ये १९२८ साली बशीच्या काठावर टेकवलेल्या एका साध्या काट्याचा फोटो काढला. काटा, बशीची कड आणि त्यांच्या सावल्या, यापलीकडे त्यात काही नाही. आजही छायाचित्रणाच्या इतिहासात तो दाखवला जातो. दुसरे योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला. पुढे प्रागमध्ये ते एका हाताने मोठे, अवजड कॅमेरे हाताळत राहिले. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांनी स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीतून फोटो काढायला सुरुवात केली आणि युद्ध संपल्यानंतरही कित्येक वर्षं तेच करत राहिले. काचेवर जमलेली वाफ, पलीकडचं वाकडं झाड, बर्फ, खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा पेला. खिडकी एकच, झाडही तेच. सुदेक यांचे हे फोटो ओळीने पाहिले की ‘खिडकी काढून झाली’ हे वाक्य मनातून निघून जातं. जमेल तेव्हा इंटरनेटवर दोघांचंही काम शोधून सावकाश बघा.

सुदेक यांच्याकडून मी सगळ्यात मोठी गोष्ट घेतली ती परत येण्याची. रोज नवी जागा शोधण्यापेक्षा एकच जागा निवडून तिच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं. तुमच्यासाठी मी एक जागा निवडते, तुमच्या दाराबाहेर चपला काढतात ती.

पहिल्या दिवशी तुम्ही उभे राहून, खाली बघत फोटो काढाल आणि तो काहीच सांगणार नाही. चपलाच आहेत, पुढे काय? तरी सोडू नका. एक जागा ठरवा. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, लेन्सचा झूम ३५ या आकड्यावर, चौकटीत उंबरठ्याचा काही भाग आणि जिन्याची पहिली पायरी. जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करून ठेवा, म्हणजे रोज त्याच ठिकाणाहून फोटो काढता येईल. मग बघायला लागा. रविवारी सकाळी तीनच जोड असतात, संध्याकाळी सात. पाहुणे आले की चपला नीट जोडीने लावलेल्या दिसतात, घरच्यांच्या इकडेतिकडे फेकलेल्या. घाईत निघालेल्या माणसाची एखादी स्लीपर उलटी पडलेली असते आणि थोड्याच वेळात कोणीतरी येऊन ती सरळ करतं, कारण उलटी चप्पल घरात भांडण लावते असं आपल्याकडे मानतात. जूनमध्ये लेदर आत जातं आणि रबरी सँडल बाहेर येतात, फरशीवर पाण्याचे डाग, चिखलाची नक्षी, कोपऱ्यात उघडी ठेवलेली छत्री. सत्यनारायण असेल त्या दिवशी पायरीपर्यंत रांग. आजोबा राहायला आले की काठी टेकवलेली दिसते. आणि या सगळ्यात तुमच्या मुलीचा जोड. आज तो तुमच्या बुटाच्या निम्म्याने असेल. वर्षभर आठवड्यातून दोनदा हा फोटो काढलात तर तिच्या चपलेचा आकार, रंग, वेल्क्रोच्या जागी आलेला बंद, हे सगळं त्यात नोंदलं जाईल. एकाही फोटोत माणूस दिसणार नाही, पण पूर्ण कुटुंब असेल.

मी हे उदाहरण एवढं ताणलं, कारण कुठलाही घरगुती विषय असाच उलगडतो. बघताना मी मनात विचारते ते प्रश्न साधे असतात. इथे आत्ता कोणाचा हात लागून गेला? काल हे असं होतं का? हे किती दिवस टिकेल? दसऱ्याला दाराला बांधलेलं झेंडूचं तोरण घ्या. पहिल्या दिवशीचा त्याचा फोटो सगळ्यांकडे असतो. त्याच्या पाकळ्या आत वळतात, आंब्याची पानं तपकिरी होऊन कडक होतात, एखादं फूल गळून उंबरठ्यावर पडतं, आणि तरीही ते काढायचं कोणाच्या लक्षात येत नाही, ते दिवस कोणीच टिपत नाही. दुधाचे आणि गॅस सिलेंडरचे हिशेब लिहिलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, मुलीने क्रेयॉनने रंगवलेला भिंतीचा तुकडा, ओट्याखाली वर्षानुवर्षं वापरून मधोमध झिजलेला पाट, गच्चीवरच्या दोरीला विसरलेले कपड्यांचे चिमटे. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून घरांच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात जपली. ती काढणाऱ्या बायकांना त्यात जगावेगळं काही वाटत नसणार. घर सारवलं, त्यावर नक्षी काढली, एवढंच. आज त्यातलं बरंच फक्त फोटोंत उरलंय. आपल्या घरातल्या कुठल्या गोष्टी अशा पुसल्या जाणार आहेत, हा विचार मला कॅमेरा उचलायला लावतो.

सणांबद्दल एक लहानशी सूचना. गणपतीत मूर्तीसमोर सगळेच उभे असतात. तुम्ही आदल्या दुपारी जा, मांडवाचे बांबू सुतळीने बांधणं चालू असतं तेव्हा, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या सकाळी जा, रिकाम्या मखराशेजारी खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात तेव्हा. गर्दी नसते, वेळ मिळतो आणि मंडळाची मुलं स्वतःहून बोलायला येतात.

आता लोकल. रोज तुमचे तास तिथे जातात, म्हणून ती सोडून चालणार नाही, पण तिथे मिररलेस बाहेर काढू नका. सकाळच्या डोंबिवली स्टेशनवर दोन्ही हात मोकळे असणं जास्त गरजेचं आहे. फोन पुरतो. लेन्स रुमालाने पुसा, कारण खिशातल्या फोनवर बोटांचं तेल असतंच आणि उन्हाच्या दिशेने फोटो काढताना त्याचा पांढरा पडदा येतो. स्क्रीनवर उजळ जागी बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि बोट थोडं खाली ओढा. नाहीतर फोन स्वतःच्या शहाणपणाने सगळ्या सावल्या उजळून टाकतो आणि फोटो सपाट होतो. बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा.

प्रवासातही एकच काहीतरी धरा. उदाहरणार्थ, फक्त हात: कडी धरलेले, डबा मांडीवर सांभाळणारे, खिडकीच्या गजांतून आलेल्या उन्हाचे पट्टे पडलेले. किंवा फक्त पादचारी पुलाच्या जिन्यावरच्या सावल्या. किंवा पावसाळ्यात फक्त निळा रंग. मुंबईच्या आसपास जूनच्या आधी छपरांवर निळ्या ताडपत्र्या चढतात आणि गाडीच्या खिडकीतून त्या स्टेशनागणिक दिसत राहतात. ओला फलाट हा पावसाळ्यातला दुसरा खजिना. दिवे लागायच्या सुमाराला, आकाशात थोडी निळाई शिल्लक असताना, पाण्यात इंडिकेटरचे आकडे आणि माणसांचे पाय उलटे दिसतात. फोन गुडघ्यापर्यंत खाली न्या. दारात लटकून, रुळांजवळ जाऊन किंवा चालत्या गाडीतून हात बाहेर काढून फोटो काढू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. असा कुठलाच फोटो जिवापेक्षा मोठा नाही. जिथे मनाईची पाटी असेल किंवा पोलिसांनी थांबवलं, तिथे वाद न घालता फोन खिशात ठेवा.

संकोचाबद्दल. तो वाटतोय ही चांगली गोष्ट आहे, कारण समोरच्याचा विचार तुमच्या मनात आहे. तो पूर्ण घालवू नका. झोपलेल्या प्रवाशांचे, अनोळखी बायकांचे, दुसऱ्यांच्या मुलांचे आणि कोणाच्याही लाचारीचे फोटो चोरून काढायचे नाहीत, एवढं स्वतःपुरतं ठरवून टाका. मग उरलेला संकोच ओळखीने कमी होतो. सोसायटीच्या वॉचमनकाकांपासून सुरुवात करा. त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची, शेजारचा रेडिओ, भिंतीला टांगलेला शर्ट, नोंदवहीला दोरीने बांधलेलं पेन. ‘काका, तुमचा इथे बसलेला एक फोटो काढू का?’ असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर हसून पुढे जा. हो म्हणाले तर त्या फोटोची प्रिंट काढून आठवड्याभरात त्यांच्या हातात द्या. ही प्रिंट देण्याची सवय फार कामाची आहे. मी ज्या भाजीवाल्या मावशींकडे जाते, त्यांना एकदा त्यांचा फोटो दिला तेव्हापासून त्या मला टोपल्यांच्या मागे जाऊन फोटो काढू देतात. पहाटे मेथीच्या जुड्या सोडताना तिथे दिसतं ते समोर उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही. आता त्या स्वतःच आवाज देऊन सांगतात, ‘ताई, आज लाल माठ आलाय, बघा.’

मुलीचे फोटो काढताना तिला ‘इकडे बघ, हस’ म्हणू नका. जमिनीवर बसा, तिच्या उंचीला. तिला टेबलाची खालची बाजू दिसते, आईच्या साडीच्या निऱ्या दिसतात, दाराची कडी डोळ्यांच्या वर असते. तुम्ही त्या उंचीवरून घर बघितलंत तर माहीत असलेल्या खोल्या अनोळखी वाटतील. ती खेळून उठून गेल्यावर उरलेली मांडणीही टिपा: भातुकलीतल्या वाट्या, ओळीने लावलेल्या गाड्या, बाहुलीला पांघरलेला तुमचा रुमाल. मुलं अशी मांडणी फार मन लावून करतात आणि आपण ती संध्याकाळी एका फटक्यात टोपलीत भरतो. तिला अधूनमधून फोन देऊन तिचेही फोटो काढू द्या. त्यातले काही तुमच्यापेक्षा चांगले येतील.

आता निवड. बरेच जण इथेच थांबतात. आठवडाभराचे फोटो त्याच रात्री स्क्रीनवर बघून ‘काही खास नाही’ म्हणू नका. काढतानाची दमणूक किंवा उत्साह डोळ्यांत असतो तोवर फोटो नीट दिसत नाही. महिनाभर साठू द्या, मग त्यातले वीसेक निवडून जवळच्या लॅबमधून ४×६च्या साध्या प्रिंट काढा आणि फरशीवर पसरा. कागदावर आले की ते एकमेकांशी बोलायला लागतात. तुम्हाला दिसेल की नकळत तुम्ही सारखे दारांच्या फटींकडे वळताय, किंवा पिवळा रंग सगळीकडे येतोय, किंवा माणसं नेहमी पाठमोरीच आहेत. अशी जी गोष्ट तुम्ही न ठरवता पुन्हा पुन्हा केलीत, ती तुमची. पुढच्या महिन्यात तीच जाणूनबुजून करा. माझ्या कामात वर्षानुवर्षं कडेवरून ओघळणारी, सांडणारी गोष्ट येत राहिली, कढीचा ओघळ, मधाची तार, उतू गेलेलं दूध. प्रिंट पसरल्याशिवाय ते माझ्या लक्षात आलं नसतं. लक्षात आल्यावर मी त्याच्या मागे लागले आणि पुढे त्याच प्रकारचं काम मला मिळत गेलं.

थोडक्यात क्रम असा धरा: आधी एक रविवार नुसता प्रकाश बघण्यात, मग घरातली एकच जागा निवडून तिथे आठवड्यातून दोनदा, प्रवासात फोनवर एकच धागा, आणि महिन्याअखेरीस प्रिंट. वेळेचा हिशेब केलात तर आठवड्याला तास-दीड तासापेक्षा जास्त लागत नाही. कॅमेरा मात्र कपाटातून काढून हाताशी ठेवा, बॅटरी चार्ज केलेली आणि लेन्सचं झाकण काढलेलं. खिडकीतलं ऊन आठ-दहा मिनिटांत निघून जातं. बॅग शोधेपर्यंत ते थांबत नाही. पावसाळ्यात डोंबिवलीच्या हवेत लेन्सला बुरशी धरू शकते, म्हणून न वापरताना हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नियमित वापरात असलेल्या लेन्सला तो धोका कमी असतो.

राहिला मॅक्रो लेन्स. आत्ता घेऊ नका. तुमचा १८-५५ साधारण २५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाऊ देतो आणि ५५वर तेवढं अंतर कांद्याचं साल, तोरणातलं एखादं फूल, डब्यावर कोरलेलं नाव यांना पुरतं. मॅक्रोने पाकळीवरचा दवबिंदू मोठा दिसेल, पण आठवड्याभराने दवबिंदूही ‘काढून झाला’ असं होईल. सहा महिने असंच काम करा आणि मग कॉम्प्युटरवर तुमच्या निवडलेल्या फोटोंची माहिती उघडून बघा, बहुतेक कुठल्या फोकल लेन्थवर, म्हणजे १८ ते ५५मधल्या कुठल्या आकड्यावर, काढलेत. आकडे ३५च्या आसपास जमा झाले असतील आणि खोलीतला अंधार सारखा आडवा येत असेल, तर ३५चा एफ १.८, म्हणजे किट लेन्सपेक्षा बराच जास्त प्रकाश आत घेणारा लेन्स, घ्या. वापरलेला चांगल्या स्थितीतला मिळाला तरी चालेल, फक्त दुकानात आतल्या काचांवर टॉर्च मारून बुरशीचं जाळं नाही ना ते तपासा. ५५वर आणि सगळ्यात जवळच्या अंतरावर अडकलेले फोटो जास्त असतील तर मात्र मॅक्रोची तुम्हाला खरंच गरज आहे, आणि तेव्हा कुठला घ्यायचा हे विचारायला जरूर लिहा. सोबत चपलांच्या जागेचे पाच-सहा फोटो आणि तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल पाठवा.